इस्पितळाच्या फाटकाशी हरवलेली बाई

नोकरीतल्या पुष्कळ प्रकरणांची कलमं आणि चेहरे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. मुरबाड पोलीस ठाण्यात असताना आलेलं एका बेपत्ता बाईचं प्रकरण मात्र तसं मिसळत नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी कुणी "मुंबईला दाखवायला न्यायचंय" म्हटलं की ते पुन्हा समोर उभं राहतं.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक तरुण मोठ्याने बोलत होता. म्हसा गावाच्या पुढे डोंगराला लागून एक वाडी आहे, तिथे त्याची बहीण दिलेली. तिच्या पोटात गाठ होती. नवरा तिला मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात घेऊन गेला आणि एकटाच परत आला.

"इचारलं तर बोलत नाय, साहेब. खाली मान घालून बसतो. त्यानंच काय तरी केलंय तिचं."

बेपत्ता म्हणून नोंद घेतली, वर्णनासह बिनतारी संदेश मुंबईला पाठवला आणि नवऱ्याला चौकशीला बोलावलं. पन्नाशीकडे झुकलेला, हाडकुळा माणूस. पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर, नंतर वीटभट्टीवर राबणारा. खुर्ची दिली तरी भिंतीशी जमिनीवरच बसला. संशयित माणूस सहसा जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा उलट होता. प्रश्न दोनदा विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हता.

"बायकोला कुठे सोडलंस?"

"सोडली नाय, साहेब. हरवली."

"कशी हरवली?"

मग तुटक तुटक निघालं. इस्पितळाच्या फाटकाशी एक माणूस भेटला. गळ्यात ओळखपत्र लटकवलेलं. "मुरबाडकडचे ना तुमी? मी पन तिकडचाच," म्हणाला. एवढ्या गर्दीत आपल्यासारखं बोलणारं माणूस भेटलं, म्हणून दोघांना हायसं वाटलं. त्याने याला रस्त्यापलीकडच्या लॅबमध्ये रक्ताच्या तपासाचं विचारायला पाठवलं आणि "तवर बाईचा एक्स-रे काढून घेतो" म्हणून तिला आत नेलं. हा परत आला तेव्हा दोघंही नव्हती. बायकोकडे फोन नव्हता, याचा नंबर तिला पाठ नव्हता. तो तिथेच थांबला, रात्री फुटपाथवर झोपला. रखवालदाराने हाकललं की थोडा बाजूला सरकायचा, पुन्हा येऊन उभा राहायचा. शेवटी जवळची भाकरी संपली आणि तो एसटीने घरी आला.

"पोलिसांना का नाही सांगितलंस?"

तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. "बायको हरवली सांगितलं तर मलाच धरतील, असं वाटलं."

तो तेव्हा आमच्याच ठाण्यात, भिंतीशी बसलेला होता. एका हवालदाराला त्याच्यासाठी चहा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी त्याला आणि एका महिला शिपायाला घेऊन इस्पितळात गेलो. दोन्ही फाटकांवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण तपासलं. पडद्यावर त्याची बायको दिसली. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या एका टोपीवाल्या माणसाच्या मागून खाली बघत चाललेली. ती आत जात नव्हती. मागच्या फाटकाने बाहेर निघाली होती. नवरा पडद्याजवळ सरकला. "हीच," एवढंच म्हणाला. मेव्हण्याचा आरोप तिथेच संपला, पण बाईचा पत्ता नव्हता.

त्या टोपीवाल्याचा फोटो काढून आम्ही मुरबाडच्या एसटी स्टँडवर आणि कल्याणच्या जीप सुटतात तिथे दाखवला. दोन दिवस काहीच हाती लागलं नाही. मग एक जीपवाला आपण होऊन ठाण्यात आला.

"साहेब, हा वाशिंदला राहतो. कल्याणला उतरणाऱ्या पेशंटवर नजर ठेवतो, मागोमाग मुंबईला जातो. म्हातारी-कोतारी बघून बोलायला लागतो. आमाला वाटायचं, हा खरंच इस्पितळात कामाला हाये."

वाशिंदच्या एका चाळीतून त्याला उचललं. तो पूर्वी कुठल्या तरी दवाखान्यात साफसफाईला होता, तिथून काढलेला. चौकशीत आधी उडवाउडवी केली. चित्रण दाखवल्यावर बोलू लागला, आणि असा बोलू लागला की जणू कुणी दुसऱ्यानेच केलेलं सांगतोय.

"एक्स-रेला गळ्यात काय चालत नाय बोललो. तिनं स्वतःच काढून दिलं."

गळ्यातलं म्हणजे काळी पोत आणि त्यातले चार सोन्याचे मणी.

"आणि तिला?"

"दोन गल्ल्या सोडून एक बंद दुकान हाये, त्याच्या पायरीवर बसवलं. नंबर आला की बोलावतो, जागा सोडू नका बोललो."

त्या दुकानाच्या शेजारी एक बाई गजरे विकते. तिला सगळं आठवत होतं. "बसून होती बिचारी. संध्याकाळ झाली तशी मी विचारलं, कोणाची वाट बघताय? म्हणाली, नंबर यायचाय. चहा दिला तर आधी घेईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, तरी तिथेच. उन्हं चढली आणि ती आडवी झाली. आम्हीच अँब्युलन्स बोलावली."

अँब्युलन्सने तिला जवळच्या दुसऱ्या इस्पितळात नेलं होतं. वॉर्डातल्या परिचारिकेने बाईचा फोटो ओळखला आणि आम्हाला खुर्च्या दिल्या. ती खुर्च्या का देतेय, ते मला समजलं. नवऱ्याला समजलं नाही. तो खाटांवरून नजर फिरवत उभाच राहिला.

बाई आदल्या दिवशी गेली होती. मधले काही दिवस ती अर्धवट शुद्धीत होती. नाव सांगत होती, पण वाडीवर हाक मारायचे ते. आमच्या संदेशात आधार कार्डावरचं नाव होतं. गाव विचारलं तर वाडीचं नाव सांगायची, आणि त्या नावाच्या वाड्या निम्म्या महाराष्ट्रात आहेत. तालुका, जिल्हा तिला कधी सांगावाच लागला नव्हता.

शवागारात नवऱ्याने हातावरचं गोंदण बघून ओळख पटवली. पंचनामा, जबाब, ताबा, सगळं उरकेपर्यंत तो एका कोपऱ्यात उभा होता. परिचारिकेने जाताना त्याला सांगितलं, "त्या सारखं विचारायच्या, त्यांनी खाल्लं का म्हणून. आम्हाला कळायचं नाही, कोणी ते." तेव्हा तो खाली बसला.

आरोपीवर फसवणूक आणि चोरीची कलमं टिकली. मृत्यूची जबाबदारी टिकली नाही. आजार आधीचा होता, असं वैद्यकीय अहवालात आलं. मणी परत मिळाले. मेव्हणा ठाण्यात येऊन दाजींच्या पाया पडला.

त्यानंतर मी वाड्यावाड्यांवर बैठका घेऊ लागलो. शहरात अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका, असं सांगायचो. त्या बाईच्याच वाडीवर एका म्हातारीने मला मध्येच थांबवलं.

"साहेब, कोनावर इस्वास ठेवायचा नाय, तर इचारायचं कोनाला? आमाला तर रस्ता पन इचाराय लागतो."

तिचं बरोबर होतं. विचारल्याशिवाय गरिबाचं शहरात पान हलत नाही. नुसती भीती घालून मी त्यांना आणखी एकटं पाडत होतो. मग मी सांगण्याची पद्धत बदलली. गाव, तालुका आणि घरचा फोन नंबर कागदावर लिहून दोघांनीही जवळ ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते आत शिरण्याआधी ठरवा. गळ्यातलं काढायला सांगितलं तर आपल्याच माणसाच्या हातात द्या. अडचण आली तर एकशे बारा नंबर फिरवा. मोठ्या सरकारी इस्पितळात समाजसेवा अधीक्षकाचं ऑफिस असतं, तिथे गरिबाला विचारायला लाज नाही. आणि फाटकातून आत गेलं की डाव्या-उजव्या हाताला पोलीस चौकी असते. माणूस हरवलं तर आधी तिथे जा.

पुढे त्याच वाडीवर पुन्हा जाऊन हे सगळं सांगितलं. बैठक उठली. माणसं पांगली. तो नवरा मागे बसला होता. जवळ आला.

"साहेब, आमी गेल्तो तिथं पन होती का ती चौकी?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"होती," मी म्हणालो. "फाटकाच्या आतच."

त्याने मान हलवली. "बाहेरूनच परत आलो मी," म्हणाला आणि घराकडे चालू लागला.

आयुष्यभर मी ठाण्याच्या आत बसलो. आपलं दार उघडं आहे, असं आतल्या माणसाला नेहमीच वाटतं.