तळ्याच्या अलीकडचं पाणी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पाणीवाल्या मावशी म्हणत. बाटल्या धुवायच्या आणि दर सोमवारी तळ्याच्या पलीकडच्या काठावरून, झाडांखालून, कॅनभर पाणी आणून वहीत नोंद करायची, हे त्यांचं काम.

या सोमवारी गुडघा असा ठणकत होता की मावशींनी अलीकडच्या पायरीवरच कॅन बुडवला. पाणी तसंच, तांबूस. वहीत लिहिलं, 'पलीकडचा काठ'. कोणाला काय कळतंय?

मंगळवारी सकाळी संशोधन करणारी पोरगी एका बाटलीकडे डोळे लावून बसली होती. त्यातल्या कालच्या पाण्यात तिनं कार्बनची अतिबारीक पूड घातली होती. एरवी ती शाईसारखी पसरून राहायची. आज तासाभरात गुठळ्या होऊन तळाला बसली.

"मावशी, तीन महिने मातीत गेले हो! कुजलेल्या पानांचा अंश पाण्यात असला की कार्बनच्या गुठळ्या होत नाहीत, असं लिहून बसलेय मी. बाराला सर येतील, सगळं रद्द करा म्हणून सांगते."

अकरा वाजून गेले होते. मावशींच्या हातातला ब्रश थांबला. पायरीशेजारी बोअरचा पाइप तळ्यात सांडतो; त्या पाण्यानं भांड्यांवर पांढरे डाग पडतात. तोंड उघडलं तर काम जाणार. खोट्या नोंदीपायी मागच्याच महिन्यात एकाला घरी बसवलं होतं, आणि मावशींच्या घरी दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

"क्षारानं होतात का गं गुठळ्या?"

"चुन्याच्या क्षारानं तर हमखास. का हो?"

"मग रद्द करू नकोस. पाणी पलीकडचं नाहीये."

पोरगी बघतच राहिली. "मावशी, तुम्ही?"

"मीच. अक्कल गहाण टाकली होती."

दोघी तशाच निघाल्या. पलीकडच्या उतारावर मावशी बसून घसरत खाली गेल्या, कॅन भरला. पावणेबाराला कार्बन नव्या पाण्यात पडला. बाराला सर आले. पोरीनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी सगळं स्वतःच सांगितलं. सर स्टूल ओढून बाटलीसमोर बसले.

पाऊण वाजला, एक वाजला. पाणी काळंच राहिलं, तळ स्वच्छ.

पोरीनं सुस्कारा सोडला. सरांनी वही पुढे सरकवली. "जुनी नोंद खोडा, खरी जागा लिहा, सही करा. पुढच्या सोमवारी दोन्ही काठांचं पाणी आणायचं. हिच्याबरोबर जा."

"मी एकटी जाते की, सर."

"आजपर्यंत जात होतात," सर म्हणाले.

मावशींनी पेन उचललं.