बाबा घरी नसताना विकलेली होडी

बाबांना कमी दिसायला लागलं तसा आईने होडी विकायचा लकडा लावला. ते एकटेच समुद्रात जायचे, आणि परत येईपर्यंत आईच्या घशाखाली घास उतरायचा नाही. शेवटी बाबा तयार झाले, पण मधे दलाल नको म्हणाले. "घेणाऱ्यान माझ्यासमोर येवचा." मग मी होडीचे फोटो काढून ओळखीच्यांना मोबाइलवर पाठवले.

पहिलं गिऱ्हाईक मालवणातलंच होतं. होडी कशी आहे म्हणून त्याने विचारलं, तर बाबा म्हणाले, "जुनी झाली. तळाक दोनदा ठिगाळ मारलंय. इंजिन सकाळी लवकर चालू होना नाय." तो चहा पिऊन निघून गेला. दुसऱ्यालाही त्यांनी हेच ऐकवलं, वर आणखी खोडी सांगितल्या. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण होडीबद्दल एक बरा शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता.

त्यानंतर देवगडकडचे दोघे भाऊ येतो म्हणाले. त्या दिवशी मी बाबांना कट्टा गावी ताईच्या घरी पाठवलं. "ताईन बोलावल्यान हा. तिका तुमची आठवण येता," मी सांगितलं. ताईचा तसा काही निरोप नव्हता. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, लेकीसाठी बाजारातून बांगडे घेतले. एस्टीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून मला हात केला. तेव्हासुद्धा मी त्यांना उतरवून घेतलं नाही.

कागदोपत्री होडी आईच्या नावावर होती, त्यामुळे काही अडलं नाही. भावांनी होडी ठोकून पाहिली, पाण्यात घालून एक फेरी मारली. मग थोरल्याने विचारलं, "बाय, काका खंय आसत? चालवणाऱ्याक दोन गोष्टी इचारूच्यो होत्यो."

"तेंची तब्येत बरी नाय," मी म्हटलं. "आता ते बंदरार येनत नाय."

भल्या माणसाने पुढे काही विचारलं नाही. आईने माझ्याकडे न बघता सही केली. नारळ फोडून ते होडी समुद्रातूनच घेऊन गेले.

संध्याकाळी बाबा आले ते ताईकडच्या गप्पा सांगतच. मी त्यांना मधेच थांबवून सांगितलं की होडी विकली. ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "जाळा भरला की ती उजवीकडे कलता. ता सांगलंस त्यांका?"

मला ते माहीतच नव्हतं.

"फोन लाव."

मी थोरल्या भावाला फोन लावून दिला. होडी कलली तर वजन कुठे सरकवायचं, वळवताना किती सांभाळायचं, बाबा सावकाश सांगत राहिले. शेवटी म्हणाले, "बाकी ती दगा देवची नाय. माका कधी देवक नाय." फोनचा आवाज मोठा होता. पलीकडून तो म्हणाला ते मलाही ऐकू आलं. "काका, तुमची तब्येत कशी आसा आता? बरी नाय म्हणून ऐकलंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"होय," ते म्हणाले. "जरा बरी नाय."

फोन माझ्या हातात देऊन ते शर्ट बदलायला आत गेले. त्यावरून ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर मी रडले असते, आईच्या जिवाला लागलेली काळजी तरी सांगितली असती. पुढे कितीतरी दिवस ते बंदराकडे फिरकले नाहीत. कोणी विचारलं तर बरं नाही म्हणून सांगायचे, आणि मी शेजारी उभी असले तरी तेच सांगायचे.

पावसाळ्यानंतर मासेमारी सुरू झाली, तेव्हा त्या भावांचं बोलावणं आलं. काकांनी एकदा होडीत बसून जावं म्हणून. "मी घेवन जातंय तुमका," मी म्हटलं.

"नको. मी एकटोच जातंय."

सकाळच्या एस्टीने गेले ते अंधार पडता पडता परतले. ओटीवर बसून आईला काहीतरी भरभरून सांगत होते. आई एकदा हसली. मी चहा घेऊन बाहेर आले. बाबांनी ती गोष्ट तिथेच सोडून कप घेतला आणि आईला विचारलं, उद्या बाजारातून काय आणायचं आहे.