अप्पांच्या न झालेल्या प्रवासाची तयारी

अप्पांच्या मित्राचा, दस्तगीरभाईंचा, फोन आला तेव्हा मी बिनमिठाचं वरण गॅसवरून उतरवत होते. त्यांचा आवाज नेहमी शेजारच्या घरात ऐकू जाईल इतका मोठा असतो. त्या दिवशी तो अगदी खाली आला होता. "वैनी, अप्पा गेले," एवढंच म्हणाले, आणि मग बराच वेळ दवाखान्यातल्या कुणाच्या तरी चपलांचा आवाज तेवढा कानावर येत राहिला... दुःख नंतर आलं. आधी मनात आलं ते असं की आज संध्याकाळी पाणी मोजून द्यायला नको. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं. उन्हाळ्यात, गुलबर्ग्याच्या उन्हात, तहानलेल्या माणसासमोर अर्धा पेला धरून "आता संध्याकाळपर्यंत नाही" असं म्हणावं लागतं. ते म्हणून म्हणून मी थकले होते. ज्यांनी घरात आजारी माणूस सांभाळला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

अप्पा म्हणजे माझे धाकटे दीर. नाव दत्तात्रय, पण गावी, बिदरकडच्या संतपूरला, आणि आमच्या घरी सगळ्यांचे अप्पाच. लग्न होऊन मी आले तेव्हा ते शाळेत होते. पुढे संतपूरला शेती आणि तुरीची खरेदी-विक्री त्यांनी सांभाळली, आम्ही नोकरीसाठी गुलबर्ग्याला आलो. त्यांना मूलबाळ नव्हतं. पत्नी कमल गेली तेव्हा त्यांनी रान बटईने दुसऱ्याला कसायला दिलं, दुकानाचं शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली. लोकांना वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. माझे यजमान तेव्हा हयात होते. त्यांनी मला सांगितलं, फिरू दे, घरात बसला तर मरेल. माझी नात मुग्धा जर्मनीत असते आणि नातू ओम कॅनडात. अप्पा गेले तेव्हा दोघांनाही येता आलं नाही. दोघांना मराठी वाचता येतं, म्हणून हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिते आहे.

त्यांचा परदेशातला पहिला लांबचा प्रवास नेपाळचा. बरोबर दस्तगीरभाई, संतपूरचेच कापडवाले, दुसऱ्या गाडीवर. निघण्याआधी महिनाभर अप्पा गावातल्या प्रत्येकाला तयारी समजावून सांगत होते. त्या तयारीत एक गोष्ट त्यांनी फार अभिमानाने केली होती. त्यांनी गाडीचं पुढचं मडगार्ड काढून घरी ठेवलं होतं. आमच्याकडच्या माणसाला यात काही विचित्र वाटणार नाही. काळ्या रानातून पावसाळ्यात गाडी घातली की चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसतो, चाक फिरायचं थांबतं, आणि माणूस बांधावर बसून काडीने चिखल उकरत राहतो. म्हणून पाऊस लागला की आमच्याकडचे बरेचजण पुढचं मडगार्ड काढूनच टाकतात. अप्पांनी ऐकलं होतं की तिकडचे डोंगरातले रस्ते खराब आहेत. खराब रस्ता म्हणजे चिकट माती, दुसरा कुठला खराब रस्ता त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता.

तिकडे चिकटायला माती नव्हतीच. नुसते दगड, खडी आणि रस्त्यावरून आडवे वाहणारे ओढे, बर्फ वितळून आलेले. प्रत्येक ओढ्यात चाक घातलं की पाणी आणि खडे थेट तोंडावर. चष्म्यावर पाणी, डोळ्यात पाणी, आणि पुढे कडा. एका ओढ्याच्या मधोमध त्यांना काही दिसेना, गाडी हळूच कलंडली आणि अप्पा कमरेएवढ्या गार पाण्यात बसले. दस्तगीरभाई काठावर उभे राहून हसत होते. "अप्पा, काली मट्टी कू गाव में छोड के आए ना हम, उस का मडगार्ड इदर कायकू ढूंडते?" हे वाक्य पुढे वर्षानुवर्षं त्यांनी अप्पांना ऐकवलं. त्या संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर अप्पांनी तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा मागून घेतला, कापला आणि तारेने पुढच्या चाकावर बसवला. त्या पिवळ्या डब्यानिशीच ते परत आले. मी विचारलं, "भावजी, हे काय?" तर म्हणाले, "शिकवणी लावली होती वैनी, तिची फी हाय ही."

एरवी आपली चूक झाकणारा माणूस, पण ही चूक त्यांनी कधी झाकली नाही. कुणी सल्ला विचारायला आलं की आधी हीच गोष्ट सांगायचे. पुढे ते भूतानला गेले, आणि जाण्याआधी तिकडून आलेल्या एका ट्रकवाल्याला मन्नाएखेळ्ळीच्या ढाब्यावर गाठून त्यांनी रस्त्यावर माती कसली आहे, पाणी कुठून येतं, ऊन कधी पडतं, हे सगळं विचारून घेतलं. तो बिचारा जेवायला बसला होता. त्याचं जेवण गार झालं.

मुग्धाला गाडी शिकवली ती अप्पांनीच. सुट्टीत ती संतपूरला गेली की दोघं औरादच्या रस्त्यावर. माझा मुलगा सुनील, म्हणजे तिचा बाबा, तेव्हाही रागवायचा. जर्मनीत नोकरी लागल्यावर तिने तिथला मोटरसायकलचा परवाना काढला आणि अप्पांना फोन करून म्हणाली की आता तुम्ही या. गाड्या तिथेच भाड्याने घ्यायच्या, डोंगरांच्या रांगा ओलांडायच्या, पलीकडे इटलीत समुद्रापाशी उतरायचं. अप्पांनी पासपोर्ट नवा करून घेतला. परदेशात गाडी चालवायच्या परवान्याच्या कागदासाठी बिदरला खेपा घातल्या. आणि त्याच सुमारास पायांवर सूज यायला लागली...

उपचारासाठी ते माझ्याकडे राहायला आले. एक दिवसाआड डायलिसिस. दस्तगीरभाई दुकान पोरांवर टाकून संतपूरहून येत, त्यांना नेत, आणत. परत आले की अप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, बोलायचंही बळ नसायचं. पण रविवारी दुपारी मुग्धाचा फोन यायचा तेव्हा उशीला टेकून बसायचे, केस विंचरायचे. मी त्याच खोलीत लसूण सोलत नाहीतर कपड्यांच्या घड्या घालत बसलेली असायची. ते जे सांगायचे ते मला आता जवळजवळ पाठ आहे.

सांगायचे, पहिले दोन दिवस थोडंच अंतर कापायचं, अंगाला गाडीची आणि गाडीला अंगाची सवय होऊ द्यायची. उत्साहात पहिल्याच दिवशी लांब गेलं की तिसऱ्या दिवशी पाठ आणि डोकं दोन्ही धरतात. नवे बूट प्रवासात पहिल्यांदा घालायचे नाहीत, आधी महिनाभर बाजारात भाजी आणायला ते घालून जायचं. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं. हे सांगताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत आणि मी त्यांच्याकडे. दुपारी पोटभर जेवायचं नाही, झोप येते, आणि गाडीवर झोप आलीय हे झोपणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. अंधार पडायच्या आत मुक्काम. मुक्कामाला पोचल्या पोचल्या, चहाच्याही आधी, साखळीला तेल, कारण साखळी गरम असते तेव्हाच तेल आत जातं. पासपोर्ट अंगावर, गाडीवरच्या सामानात कधीच नाही, त्याची एक प्रत सामानात आणि एक घरी. पावसाचे कपडे सगळ्यात वर, पाऊस यायच्या आधी घालायचे, भिजल्यावर घालून उपयोग नाही. घोंगडी मुळीच न्यायची नाही. नेपाळात त्यांची भिजलेली घोंगडी ओल्या मेंढीइतकी जड झाली होती.

एका गोष्टीवर ते पुन्हा पुन्हा यायचे. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं. गर्दीत चूक होत नाही, म्हणायचे, गर्दीत बाकीचे आपल्याला नेतात. चूक होते ती सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, चहा पिऊन गाडीवर बसल्यावर. हात आपसूक डावीकडे वळतात. म्हणून थांबल्यानंतर निघताना, दर वेळी, तोंडाने मोठ्याने म्हणायचं, उजवीकडे. लोक हसले तर हसू दे. मुग्धा हसायची आणि म्हणायची, "अप्पाआजोबा, तुम्ही असाल ना पुढे, तुमच्या मागे मागे येते मी." तेव्हा अप्पा म्हणायचे, "व्हय, व्हय."

ते "व्हय, व्हय" मला सोसेनासं झालं. डॉक्टरांनी मला आणि दस्तगीरभाईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. जिना चढता येत नव्हता, आणि इकडे डोंगर ओलांडायच्या गोष्टी. पोरगी तिकडे सुट्टी राखून ठेवते आहे, दोन गाड्या ठरवते आहे. एका रविवारी फोन ठेवल्यावर मी म्हणाले की भावजी, तिला खरं सांगा, तुम्ही नाही सांगत तर मी सांगते. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाले, "मी जायलो न्हाई, हे मला कळत न्हाई व्हय, वैनी? मी तिला धाडायलोय." पुढे म्हणाले, "आत्ताच सांगितलं तर ती शिकायचं सोडून रडत बसंल. हे समदं तिच्या डोक्यात उतरू द्या. मग तुमीच सांगा."

मी घड्या घातलेले कपडे उचलले आणि कपाटात ठेवले.

ते गेल्यावर पंधरा दिवस घरात माणसांची रीघ होती. चहाच्या कपांच्या राशी, तेच प्रश्न, तीच उत्तरं, कधी मराठीत, कधी कानडीत. दस्तगीरभाई रोज यायचे आणि दारातल्या खुर्चीवर बसून राहायचे. मग माणसं थांबली आणि घर एवढं शांत झालं की मला दुपारी झोप लागेना. तशात मुग्धाचा फोन आला. तिने दोन्ही गाड्या रद्द केल्या होत्या. अप्पाआजोबांशिवाय नको, म्हणाली. मला सुटल्यासारखं वाटलं. एका माणसाची काळजी नुकतीच संपली होती, दुसरीची करायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. त्याच संध्याकाळी पुण्याहून सुनील बोलला. "आई, बरं झालं. आता हे कायमचंच बंद कर. माझं ऐकत नाही ती, तुझं ऐकते. तू एकदा नको म्हण, बास."

नको म्हणणं सोपं होतं. तिने विचारलंही नसतं की का. अप्पा माझ्याशी काय बोलले ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मी ते सांगितलं नसतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. नात घरात सुखरूप राहिली असती, मुलगा निश्चिंत झाला असता, आणि मला संध्याकाळी फोनची वाट बघावी लागली नसती. चार-पाच दिवस मी हेच घोळवत राहिले. स्वयंपाकात मीठ घालायला विसरत होते, हाताला तीच सवय लागली होती. मग लक्षात आलं की अप्पा सांगायचे त्यातली एकही गोष्ट दोघांच्या प्रवासाची नव्हती. कुणी पुढे, कुणी मागे, किती अंतर ठेवायचं, याबद्दल ते अवाक्षर बोलले नव्हते. एकटीने जायची तयारीच त्यांनी करून घेतली होती, आणि ती तयारी मी मध्येच अडवून बसले होते.

रविवारी दुपारी मीच मुग्धाला व्हिडिओ कॉल लावला. अप्पांच्या खोलीत, त्यांच्या खाटेवर बसून. त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तिच्या मागच्या खिडकीतून ट्रामचा आवाज येत होता. मग नाक पुसून म्हणाली, "आजी, म्हणजे त्यांना तेव्हाच माहीत होतं?" मी हो म्हणाले. सुनीलला काय सांगायचं ते मी बघेन, असंही म्हणाले. आणि मग ती म्हणाली, "सामान कसं बांधायचं ते राहिलंच गं. पुढच्या रविवारी दाखवतो म्हणाले होते."

मी इकडेतिकडे पाहिलं. खाटेच्या पायथ्याच्या दांडीला दवाखान्याच्या कागदांची पिशवी होती, गाडीच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी आवळून बांधलेली. अप्पांनीच बांधली होती. एवढ्या दिवसांत मी त्या खोलीतली चादर बदलली, औषधं टाकून दिली, पण त्या पिशवीला हात लावला नव्हता. मी फोन तिकडे वळवला. मुग्धा जवळ येऊन बघत राहिली. दोन वेढे, एक आडवा, टोक खालून काढून आत खोचलेलं. "नीट कळत नाही, आजी," ती म्हणाली. "सोडून दाखव ना. सावकाश."

फोन उशीला टेकवून ठेवला आणि मी गाठ सोडली. वेळ लागला. बोटं पहिल्यासारखी चालत नाहीत, आणि रबर इतक्या दिवसांत चिकटून बसलं होतं. सुटल्यावरही पट्टी सरळ होईना, त्यांच्या हाताने दिलेला पीळ तिच्यात तसाच होता. मग ती म्हणाली, आता परत बांध. मी बांधायला लागले, तिकडे तीही खुर्चीच्या पाठीला कसलीशी दोरी बांधत होती. माझं चुकलं की ती सांगायची, तिचं चुकलं की मी.

पुढच्या महिन्यात ती निघते आहे, एकटी. सुनील माझ्याशी अजून तुटक बोलतो. माझी गाठ काही अप्पांसारखी बसली नाही. पिशवी दिवसभरात थोडी खाली सरकते, आणि सकाळी खोलीतला केर काढताना मी ती वर ओढते, आणि पुन्हा बांधते.