दोघींचा भाऊ

किसनमामा आमच्या घरी आला की आधी पाणी घ्यायचा नाही. वहाणा उंबऱ्याशी काढायचा आणि आईसमोर उभा राहायचा. आई गळ्यातला चांदीचा टाक पदराबाहेर काढायची. मामा त्याला हात लावून हात कपाळी न्यायचा आणि विचारायचा, "दोघी बऱ्या हायत ना?"

"बऱ्या हाव, दादा," आई म्हणायची. मग तो तांब्या तोंडाला लावायचा.

टाकावर बोटाच्या पेराएवढी बाई कोरलेली होती. ती माझ्या वडिलांची पहिली बायको, कावेरी. तापाच्या साथीत गेली. दुसरेपणावर आलेली बाई आमच्याकडे पहिलीचा असा टाक गळ्यात घालते. किसनमामा त्या कावेरीचा भाऊ. म्हणजे रक्तानं पाहिलं तर माझ्या आईचा कोणीच नाही. आईला माहेर असं नव्हतंच. आईबाप लहानपणी गेलेले, पाठीला भाऊ नाही. तिच्या लग्नात कावेरीचे आईबाप आले आणि गेलेल्या लेकीच्या जागी हीच आमची लेक, असं म्हणून तिची ओटी भरून गेले. ते वारल्यावर मामानं ते नातं खांद्यावर घेतलं.

घनसावंगीकडून आमच्या पिंपळगाव रेणुकाईला यायचं म्हणजे बैलगाडीनं वाटेत दोन मुक्काम. तरी दर दिवाळीला मामा हजर. येताना चोळीचे दोन खण आणायचा, एक आईला, एक टाकाला. टाकापुढं ठेवलेला खणही शेवटी आईच शिवायची. त्यावर मामा म्हणायचा, "तिला इचारून शिव बाई, नाहीतर रुसंल." वडिलांची थट्टा वेगळी. "दाजी, एका चुलीवर दोन बायका सांभाळता. तुमच्यासारखा नशीबवान न्हाई."

गावात कुणी कधी छेडायचं, "किसनराव, तुमची सख्खी बहीण तर गेली, मंग इतक्या लांब कोणासाठी येता?" मामाचं उत्तर ठरलेलं. "रगताचं काय सांगता. ढेकणाच्या पोटात बी आपलंच रगत असतंय. त्याला मामा म्हनावं का?"

आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. मी. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. हैदराबादेत चार वर्षं उर्दूतून शिकलो आणि एक गोष्ट पक्की करून परतलो, की लिहायचं ते बरोबर लिहायचं. त्याच वर्षी माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. गावातली पहिली छापील पत्रिका आमच्या घरची असावी, असं मला वाटलं. वडील म्हणाले, "तू शिकलेला, तूच बघ." मी मजकूर लिहिला आणि जालन्यात छापून आणला. मुलीच्या मामाचं नाव घालायची ओळ आली तेव्हा मी विचार केला: आईला भाऊ नाही, तर मामा कुठून येणार? ती ओळच मी गाळली. किसनमामाला एक पत्रिका पाठवली, जशी इतर पाहुण्यांना पाठवली तशी.

लग्नाच्या दिवशी भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामानं मुलीला आणावं." कोणी उठेना. मी शोधलं तर मामा मांडवात पाहुण्यांच्या तिसऱ्या रांगेत बसलेला, नवा फेटा बांधून.

"मामा, चला, बोलावतायत."

त्यानं आतल्या खिशातून पत्रिका काढली. घडीवर घडी पडून मऊ झालेली. "साहेब, मला वाचता येत न्हाई. गुरुजीकून दोनदा वाचून घेतली. हिच्यात मामा न्हाई. मी पाव्हणा म्हणून आल्तो. पाव्हण्यानं जेवावं, नवरीला हात लावू न्हाई."

आवाजात राग नव्हता. पण जन्मभर तो मला भाचेबुवा म्हणत आला होता. साहेब त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

वरपक्षात कुजबुज सुरू झाली. "मुहूर्त चाललाय, जल्दी करा." मी आत जाऊन आईला झालं ते सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "तू लिव्हलंच न्हाई?" एवढंच म्हणाली आणि तशीच मांडवात गेली, भर बाप्यांमधून. मामापुढं उभी राहून तिनं टाक पदराबाहेर काढला.

"दादा, मी तुमची कोणी न्हाई, असं ह्याचं शिक्षण म्हनतंय. ऱ्हाऊ द्या. पण ही तर तुमची सख्खी हाय ना? हिची लेक आत खोळंबलीय. न्हाई म्हणायचं तर हिला म्हणा."

मामानं टाकाला हात लावला. हात कपाळी न्यायला त्याला जरा वेळ लागला. मग तो फेटा सावरत उठला. माझ्याजवळून जाताना थांबला. "भाचेबुवा, तुमच्या हैदराबादेत ढेकणं व्हती का न्हाई?"

त्यानं बहिणीला बोहल्यावर आणलं आणि अंतरपाट निघेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहिला. पुढं मी घराण्याची हकीकत एका वहीत लिहून काढली. तिच्यात त्याच्या नावापुढं एकच शब्द लिहिला, मामा. कसा, कोणाकडून, हे लिहिलं नाही. तरी ते बरोबर आहे.

निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरच्या वर्षी आई गेली. टाक देव्हाऱ्यात ठेवला. आता दिवाळीला कोण येणार, असं मी धरून चाललो होतो. मामा आला. गुडघे धरून गाडीतून उतरला, वहाणा उंबऱ्याशी काढल्या. पिशवीतून दोन खण काढून देव्हाऱ्यापुढं ठेवले आणि विचारलं, "दोघी बऱ्या हायत ना?"



"बऱ्या हायत, मामा," मी म्हणालो.

मग त्यानं पाणी मागितलं.