दिल्लीला विचारून सांगते

उरणला कसं जायचं, असं बरेच वाचक विचारतात. आता रेल्वे थेट जाते, पण मी पहिल्यांदा गेले ती नव्वदच्या दशकात, एसटीने, ताईबरोबर. ताई कोपरखैरण्यात एका मदतसंस्थेचं ऑफिस चालवायची. साध्या ताडपत्र्या वाटायच्या तरी संस्थेच्या दिल्लीतल्या मुख्य ऑफिसची परवानगी लागायची, आणि त्यावरून ती वर्षानुवर्षं भांडत होती. अखेर दिल्लीने कळवलं, तिथले निर्णय तिथेच घ्या, पैसेही तिथूनच द्या. ताईने बिल्डिंगभर पेढे वाटले आणि मला म्हणाली, चल, आमचं काम तरी बघ.

वाशीहून सकाळचीच गाडी धरली. तिकीट स्वस्त, धूळ फुकट. कंटेनरच्या ट्रेलरांनी रस्त्याची पार वाट लावली होती, पण खिडकीतून मिठागरं छान दिसली.

उरणच्या अलीकडे उतरून खाडीच्या बांधावरून गावात गेलो. बांधाला खांड पडलं होतं. अमावास्येच्या उधाणाआधी ते बुजवलं नाही तर खारं पाणी भातशेतीत शिरणार, आणि मग काही वर्षं तिथे भात विसरायचा. कामाला माणसं गावातलीच होती, दगडांचे पैसे तेवढे हवे होते. पाहणी झाल्यावर गावातल्या हिराबाईंनी आग्रहाने घरी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण, असं की मी निर्लज्जपणे दोनदा मागून घेतलं.

हात धुताना हिराबाई म्हणाल्या, "मंग कवा चालू करू काम?"

"दिल्लीला विचारून सांगते," ताई म्हणाली.

मला वाटलं, सवयीने बोलून गेली, आता सावरेल. पण ती टॉवेलला हात पुसत राहिली.

"बाय, अवस जवल हाय. दिल्लीला उधान येतं का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेढे मीही खाल्ले होते. निघताना हिराबाईंनी घरचा तांदूळ बांधून दिला.

एसटीत मी विचारलंच. "बांध पुन्हा फुटला तर आता माझंच नाव येणार," ताई म्हणाली. "आधी निदान दिल्ली तरी होती."

परत आल्यावर तिने ऑफिसातून दिल्लीला फॅक्स पाठवला. अमावास्येला पाणी शेतात शिरलं. त्यानंतर कधीतरी दिल्लीचं एका ओळीचं उत्तर आलं, की हे आता तुम्हीच ठरवायचं आहे. तोवर हिराबाईंचा तांदूळ आम्ही शिजवून संपवलाही होता.