धारगळच्या गाडीचं गाऱ्हाणं

कॉलेजात माझ्या एका मित्राकडे छोट्या इंजिनाची टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. मी तिच्या मागच्या सीटवर बसलो, तिला चढावर ढकललं, तिचा प्लग घासून दिला. चावी मात्र त्या कंजूष माणसाने एकदाही माझ्या हातात दिली नाही. म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर, अगदी तशीच एक धारगळला विकायला आहे असं कळलं तेव्हा मी डिचोलीहून घरी कारणही न सांगता निघालो.

गाडी एका निवृत्त बस ड्रायव्हरची. टाकी कच्च्या पेरूसारखी हिरवी, आरशावर डाग नाही. म्हाताऱ्याने किक मारली. फटफट आवाज, निळसर धूर, जळक्या ऑइलचा तो वास! मी भावही न करता हो म्हणणार, एवढ्यात फाटकाशी जीप थांबली. हरमलला टुरिस्टांना दुचाक्या भाड्याने देणारा एक गृहस्थ उतरला. गॉगल, सोनसाखळी, घाई.

"काका, हे देतील त्याच्यापेक्षा जास्त देतो," माझ्याकडे न बघताच तो म्हणाला.

माझ्याकडे जास्त असं काही नव्हतंच. मी नुसता सीटवर हात ठेवून उभा राहिलो, जणू हात काढला तर गाडी जाईल.

म्हाताऱ्याने इंजिन बंद केलं. "राखणदाराक नारळ ठेवया. मी देवाक गाराणा घालतंय, तुमी दर बोलाक व्हय म्हणा. जो शेवटपर्यंत व्हय म्हणतलो, गाडी तेची."

"देव तर देव," हरमलकर हसला. "चला!"

वाडीच्या तोंडाशी, वडाखाली राखणदाराचा, म्हणजे हद्द आणि वाटा सांभाळणाऱ्या देवाचा दगड. हमरस्त्याला जायचं तर त्याच्या समोरूनच. आम्ही चपला काढल्या. म्हाताऱ्याने नारळ ठेवला, डोळे मिटले आणि बसमधल्या गर्दीला हाकावं तशा आवाजात सुरू केलं.

"बा देवा राखणदारा, ही गाडी जो नेतलो, तो तिका कापूचो नाय!"

"व्हय महाराजा!" दोघेही एका सुरात.

"तिचो रंग बदलूचो नाय!"

मी मनातल्या मनात तिला काळाभोर रंग देऊन मोकळा झालो होतो. तो तिथल्या तिथे खरवडला. "व्हय महाराजा!"

हरमलकरही म्हणाला. माझ्याहून मोठ्याने.

"तिका टुरिस्टांका भाड्यान देवचो नाय!"

"व्हय महाराजा!" मी किंचाळलोच.

शेजारून आवाज नाही. मी मान न वळवता पाहिलं. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. म्हण, म्हण, एक शब्द तर आहे! पण त्याच्या दुचाक्या दिवसरात्र ह्याच पेडणे तालुक्याच्या रस्त्यांवर धावणार, आणि रस्ता कोणाच्या हद्दीतला हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक. गॉगल काढून त्याने घाम पुसला.

"काका, देवाक मदी घालूक नको हुता," तो पुटपुटला. दगडाला नमस्कार करून तो जीपकडे वळला.

मी चावीसाठी हात पुढे केला. पण नारळ अजून फुटला नव्हता. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेलेच.

"आणि जुन्या धन्याक जेव्हा तिची याद येयत, तेव्हा नवो धनी तेच्या हातात चावी देतलो!"

म्हाताऱ्याचा एक डोळा किलकिला झाला आणि माझ्यावर स्थिरावला. मागे जीप अजून सुरू झाली नव्हती.

"व्हय... महाराजा."

नारळ फुटला.

आता दर रविवारी म्हातारा सकाळच्या बसने डिचोलीला येतो. चहा पितो, गाडीभोवती एक फेरी मारतो, कुठे ओरखडा दिसला तर माझ्या बायकोकडे तक्रार करतो. मग माझ्यापुढे तळहात पसरतो. मी चावी देतो. किक मारून तो मानेनेच खूण करतो:

"बस रे मागे."

मी बसतो. मागच्या सीटची मला सवय आहे.