टाकीतला डिंक

दादाचे पुढचे दात झिजत चालले होते. पडले नव्हते, किडले नव्हते. खडू झिजावा तसे नुसते कमी होत होते. बोईसरच्या ज्या तारेच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होतो, तिथेच तो अ‍ॅसिडच्या टाकीवर होता. तारेची भेंडोळी टाकीत बुडवली की गंज निघायचा. पण गंज संपला तरी अ‍ॅसिड थांबत नसे, ते पोलादही खायला लागायचं. टाकी फसफसायची आणि बुडबुड्यांबरोबर अ‍ॅसिडची वाफ तोंडावर यायची. म्हणून टाकीवरची माणसं तोंड मिटून, खाणाखुणांनी काम करायची. नवख्याला वाटायचं, सगळे मुकेच भरलेत.

पोलाद वाचवायचं औषध मुंबईहून पिंपातून यायचं. ते महाग, त्यामुळे टाकीत ओतायचं म्हटलं की साहेबांच्या जिवावर यायचं.

आमच्या मासवणला डोंगराकडची माणसं धावड्याचा डिंक घेऊन यायची. डिंकाचा पातळ थर पोलादावर बसतो आणि अ‍ॅसिडला अडवतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. करून पाहिलं. नुसत्या अ‍ॅसिडमधला तारेचा तुकडा दिवसभर फसफसत राहिला. डिंक घातलेल्या अ‍ॅसिडमधला शांत पडून होता. मला तर नाचावंसं वाटलं. डिंक स्वस्त, हवा तेवढा घालता येणार. टाकी फसफसली नाही तर वाफ उठणार नाही, आणि दादाचे उरलेले दात तरी वाचतील. बाकी पोलादाचं काय व्हायचं ते होवो.

साहेबांनी एक टाकी दिली. थंडीचे दिवस होते. टाकी खरंच निवली. थोड्या दिवसांनी मी तिकडे गेलो तर माणसं चक्क गप्पा मारत होती. दादा तर गाणं म्हणत होता, तेही बेसूर.

"अरे, तोंड मिट," मी म्हणालो.

"कशाला? आता झोंबत नाय."

मग मोठी ऑर्डर आली. थंड अ‍ॅसिडला वेळ लागतो म्हणून साहेबांनी टाकीत गरम वाफेचा पाइप सोडायला सांगितला. मी हात जोडून म्हणालो, "साहेब, तापलेल्या अ‍ॅसिडमध्ये डिंक तुटतो."

"मग आणखी टाका," ते म्हणाले.

टाकला. एका पाळीत टाकीत काळा चिखल झाला, तारेला खड्डे पडले आणि सगळा माल परत आला. साहेबांनी उरलेला डिंक फेकून द्यायला लावला. जुनं पिंप परत आलं, तेही पूर्वीसारखंच जपून जपून. टाकीवरचे सगळे पुन्हा मुके झाले. त्या साहेबांचा मला अजूनही संताप येतो.

फेकलेल्यातलं एक पोतं दादाने सायकलवर घालून घरी आणलं. छातीला ताकद येईल म्हणून आईने त्याचे लाडू केले. दादाने एक तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"टाकीत नाय टिकला. बघू, पोटात टिकतो का," असं म्हणून तो हसायला गेला आणि त्याने ओठांवर हात धरला.

आईने लाडू उचलला, वाटीत कुस्करला, वर दूध घातलं आणि चमचा त्याच्या हातात दिला. दादा तेव्हा तिशीचाही नव्हता.